तिसऱ्या ट्रॅकवरची चार मिनिटं

२ मार्च

सुई,

हे नाव तुला अजून चालतं की नाही, माहीत नाही. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं आहे, हुद्द्यासकट. आत मात्र दादाने ठेवलेलंच लिहितो. दुसरं लिहायला गेलो तर पत्र भलत्याच कुणाला जातंय असं वाटतं.

काम आहे म्हणून लिहितो. गेल्या सप्टेंबरात तुझ्या बाबाचा बँड एकोणीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला, एका दुपारपुरता. त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. एका छोट्या कंपनीला ते छापायचं आहे. तीनशे प्रती, ज्यांना असलं काही ऐकायची हौस असते त्यांच्यासाठी. असं दुसरं रेकॉर्डिंग नाही, म्हणून त्यांना हवंय. पूर्वी दादाने एकाही कार्यक्रमात मशीन लावू दिलं नाही. वाजवलं ते हवेत गेलं पाहिजे, म्हणायचा. या वेळी मात्र काही बोलला नाही. मी लावलं.

ड्रमर म्हणतो, आता आपण दुर्मिळ झालो, पूर्वी नुसतेच नकोसे होतो. तो सध्या मोटार चालवायला शिकवतो. बेस वाजवणारे आपले दातांचे डॉक्टर, त्यांनी दवाखाना मुलीकडे दिलाय. दोघांनी सह्या केल्या. दादा नाही, म्हणून त्याच्या जागी तुझी लागते. कागद सोबत आहे. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली केली आहे, ती नंतर खोडता येईल.

जानेवारीत दादा गेला तेव्हा तू आलीस, तासभर दारातल्या खुर्चीवर बसलीस, पाणी घेतलंस. बोलणं झालं नाही. माणसं फार होती.

माझं ठीक चाललंय. बसस्थानकावरचे घोषणांचे भोंगे सांभाळतो. सात नंबरचा अजून खरखरतो.

उत्तर लिहायला वेळ नसेल तर नुसता कागद पाठवलास तरी चालेल.

काका


१६ मार्च

सुई,

कागद परत आला. फुली तशीच आहे. मागच्या बाजूला तुझी एक ओळ: मला पाहून त्यांनी हात का वर केला?

'त्यांनी' लिहिलं आहेस. पूर्वी तू त्याला अरेतुरे करायचीस आणि तुझी आई ओरडायची.

विचारलंस म्हणून सांगतो. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता, पोहण्याच्या त्या बंद पडलेल्या, छप्पर असलेल्या तलावात. जागा डॉक्टरांनी मिळवली. तलाव कोरडा, फरशा अजून निळ्या. उथळ टोकाला बँड, खोल टोकाला माणसं. दीडेकशे असतील. माझं टेबल वर, काठावर, जिथे पूर्वी शिट्टीवाला बसायचा. आवाज भिंतींवर आपटून दोनदा परत यायचा. दादाला ते आवडलं. म्हणाला, इथे चुकलं तरी दोनदा ऐकू येईल.

सुरू करण्याआधी डॉक्टर त्याला म्हणाले, तोंड उघड. दादाने उघडलं. डॉक्टर म्हणाले, सवय रे, बंद कर. ड्रमर इतका हसला की त्याच्या काठ्या खाली पडल्या.

मोठा तुकडा वाजवला, चाळीस मिनिटांचा. तो तुला माहीत आहे. काही लिहिलेलं नाही, काही ठरलेलं नाही, फक्त उपास ठरलेला. तुझ्याइतका उपास कुणाला माहीत असणार, तरी लिहितो. ज्याने डावा हात वर केला त्याचा आवाज मी टेबलावर बंद करायचा. त्याने वाजवत राहायचं, पण ऐकू कुणाला जायचं नाही. पुन्हा हात वर झाला की उपास सुटला. ड्रमर कुरकुरायचा, की तुम्ही माइक बंद केला तरी माझा ढणढणाट चालूच, माझ्या नशिबी साधा उपासही नाही.

तेव्हा हात वर करणं हा त्या तुकड्याचाच भाग होता. त्या दिवशी सगळ्यांनीच दोन-तीनदा केला. दादाने केला तेव्हा तो तुझ्याकडे पाहत होता की नाही, मी कसं सांगू. माणसं होती, उजेड कमी होता. त्याने तुला पाहिलं असेलच असं नाही. तू येणार हे त्याला माहीतही नव्हतं. चिठ्ठी मी पाठवली होती, त्याला न सांगता.

दुसरा कागद पाठवतो. पहिल्यावर तुझं अक्षर आलं, तो आता चालणार नाही.

काका


२९ मार्च

सुई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

तू लिहितेस की तू लोखंडी शिडीपाशी होतीस, डोक्यावर दिवा होता, आणि तुझ्या भोवती हातभर जागा रिकामी होती. त्याने तुला पाहिलं. ओळखलं. वाजवायचं थांबला. डावा हात वर केला आणि त्याचा आवाज गेला. त्याचे ओठ हलत राहिले. तू उभी राहिलीस, हात पुन्हा वर होईल म्हणून. झाला नाही. मग तू शिडी चढून निघून गेलीस. शेवटी लिहिलंस, जेवताना रुसले की उपास म्हणून मी तोच हात वर करायचे, मला त्याचा अर्थ शिकवू नका. अर्थ एकच आहे, तुला ऐकवायचं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याने तुला पाहिलं होतं. काठावरून मलाही तू दिसत होतीस.

तो उपास नव्हता, सुई. तो आम्हाला थांबवत होता. थांबा, असं म्हणायला माणूस हात वर करतो, सगळ्या जगात करतो. फक्त आमच्यात त्याचा अर्थ दुसरा होता. मी हात पाहिला आणि त्याचा आवाज बंद केला, गिटार आणि माइक दोन्ही. विचार केला नाही. अंगठ्याने केलं. डॉक्टर आणि ड्रमरही उपास समजूनच वाजवत राहिले.

तुला आणखी एक सांगतो, कारण ते मला सारखं आठवतं. बटण दाबलं तेव्हा मला आनंद झाला होता. वाटलं, एकोणीस वर्षांनीही मी खूण चुकलो नाही.

त्याने डोळे मिटले होते आणि तो माइकमध्ये बोलत होता. लोकांना वाटलं, तो नेहमीचं वाचतोय. तुला आठवत असेल, तो मधेच गाड्यांचं जुनं वेळापत्रक वाचायचा. आपला आवाज बाहेर जात नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून समोर स्पीकर ठेवतात, ते दादाने कधी ठेवू दिले नाहीत. शेजारी ड्रम. स्वतःचं बोलणं त्याला फक्त डोक्यात ऐकू येत होतं.

चार मिनिटं बोलला. डोळे उघडले तेव्हा तू शिडीच्या वरच्या पायरीवर होतीस, पाठमोरी. मग हात वर केला, आता पुढे चला अशा अर्थाने. मी आवाज सोडला. त्याने गिटार घेतली आणि शेवटपर्यंत वाजवलं.

चूक माझी. तू आतापर्यंत जे समजत होतीस, तसं काही झालं नव्हतं.

काय बोलला ते मशीनमध्ये असू शकेल. शोधून कळवतो.

काका


६ एप्रिल

सुई,

'असू शकेल म्हणजे काय, तुम्ही साउंडवाले आहात,' असं लिहिलंस. बरोबर आहे.

आहे. प्रत्येकाचा आवाज आधी मशीनमध्ये जातो आणि मग माझ्या टेबलावर येतो. टेबलावर बंद केला तरी मशीनमध्ये उतरलेला असतो. दादाचा माइक तिसऱ्या ट्रॅकवर आहे. शोधायला काही नव्हतं. एकतिसाव्या मिनिटाला सुरू होतं, हे मला पाठ आहे.

सोबत पाठवतो आहे. फक्त तिसरा ट्रॅक, तेवढाच तुकडा. कंपनीकडे हा गेलेला नाही. ड्रमरने आणि डॉक्टरांनी ऐकलेला नाही. ड्रमचा आवाज त्यात शिरला आहे, त्याला इलाज नाही. दोनदा खोकला आहे. तो तेव्हाच वाढलेला होता.

ऐकण्याआधी माझ्याकडून काही ऐक. नाहीतर त्याच्या तोंडून कळेल आणि वाटेल, काका आताही लपवत राहिला.

तुझी आई गेली त्या दिवशी आम्ही दुसऱ्या गावी होतो. तुला सांगितलं गेलं की निरोप कार्यक्रम संपल्यावर आला. तू चौदा वर्षांची होतीस. तू मावशीच्या दारात उभी राहून मला विचारलंस, काका, खरं सांगा. मी म्हणालो, संपल्यावर आला. पुढे दोनदा विचारलंस, पत्रातून. दोन्ही वेळा तेच लिहिलं. मग तू विचारायचं सोडलंस, आणि आमच्याशी बोलायचंही.

निरोप सव्वापाचला आला. सहाला कार्यक्रम होता. फोन हॉलच्या ऑफिसात होता. तिथला कारकून मला बोलवायला आला, कारण वायरी घेऊन मीच मधे फिरत होतो. तुझी मावशी बोलली. मी मागच्या खोलीत गेलो. दादा तारा बदलत होता. मी सांगितलं.

त्याने तार पूर्ण चढवली. मग म्हणाला, "हे तू मला संपल्यावर सांग."

मी म्हणालो, "दादा, ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"ऐकलं. संपल्यावर सांग."

तेव्हा मी पंचवीसचा होतो. आयुष्यात त्याने सांगितलेलं कधी मोडलं नव्हतं. मी टेबलावर जाऊन बसलो. दोन तासांनी, ड्रमर आणि डॉक्टर समोर असताना, मी त्याला पुन्हा सांगितलं. तो खाली बसला. डॉक्टरांनी त्याचे खांदे धरले. तो जे रडला ते खोटं नव्हतं. पण बातमी त्याला दुसऱ्यांदा मिळत होती, आणि ते खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. बँड त्या दिवशी मोडला. ड्रमरला अजून वाटतं, दुःखाने मोडला.

पुढचं तो बोललाय. सुरुवात अशी आहे: सुई, मला आधीच कळलं होतं. सव्वापाचला.

उरलेलं लिहीत नाही. एकच वाक्य लिहितो, कारण तिथे ड्रम जोरात आहे आणि तुला कदाचित ऐकू येणार नाही. तो म्हणतो, दोन तास वाजवलं आणि चांगलं वाजलं, तेच सगळ्यांत वाईट आहे.

दार लावून ऐक.

काका


२१ एप्रिल

सुई,

पंधरा दिवस झाले. पाकीट मिळालं का, एवढंच विचारतो. पोचपावतीवर सही तुझ्या ऑफिसातल्या कुणाची तरी आहे. तुझं म्हणे पुलांवर जाणं असतं, भेगा पाहायला, आठवडा-आठवडा. तसं असेल तर ठीक.

कंपनीचा माणूस येऊन गेला. चांगला आहे, चहा पिऊन कप स्वतः धुतो. एकतिसाव्या मिनिटाला विचारत होता, की इथे चार मिनिटं गिटार कशी नाही, ट्रॅक खराब आहे का. मी म्हणालो, उपास आहे. त्याला ते फार आवडलं. कव्हराच्या पाठीमागच्या मजकुरात घालू म्हणाला. मी नको म्हणालो.

ड्रमर विचारतो, पोरीने सही केली का. मी त्याला म्हणालो, घाई कसली, आपण कुठे उद्या मरतोय. तो म्हणाला, तुझं माहीत नाही, माझ्या शेजारी रोज नवा शिकाऊ बसतो.

काका


४ मे

सुई,

कागद मिळाला. सही आहे. फुली तू स्वतः खोडलीस.

अट लिहिलीस, की तिसरा ट्रॅक त्यात घालायचा नाही, तलावात लोकांनी जे ऐकलं तेच छापायचं. तसंच होईल. कंपनीला तसं लेखी दिलं. ट्रॅकची माझ्याकडची प्रत तुला पाठवतो. माझ्याकडे ठेवत नाही.

तू लिहिलंस की त्या चार मिनिटांनी राग गेला नाही. मी वाचून मान हलवली. जावा असं मी म्हणणार नाही. पण पुढे तू लिहिलंस की एकोणीस वर्षं ज्या एका वाक्यासाठी थांबले ते त्याने माझ्यासमोर उभं राहून सगळ्यांदेखत म्हटलं, आणि मी पाठ फिरवून निघून गेले. 'त्यांनी'चं 'त्याने' झालं आहे, ते मी पाहिलं.

आणि मग खाली, वेगळ्या शाईत, विचारलंस: बाबाला कळलं ना पण, की मला ऐकू आलं नव्हतं?

हे पत्र मी तीन दिवस लिहितो आहे. पहिल्या दिवशी 'हो' एवढा एक शब्द लिहून फाडलं. तो शब्द लिहिला असता तर तुला कधीच कळलं नसतं. तीनदा तुझ्याशी असंच केलेलं आहे, हात सरावलेला आहे.

कार्यक्रमानंतर नवव्या दिवशी मी ट्रॅक ऐकायला बसलो. दादा काचेच्या दुकानात कामाला गेला होता. तेव्हा अजून जात होता, अर्धा दिवस. मला वाटलं होतं, वेळापत्रक असेल. पहिलं वाक्य ऐकलं आणि मशीन बंद केलं. मग सगळं ऐकलं.

तो संध्याकाळी आला. हातावर नवीन पट्टी होती. मी त्याला सांगायला हवं होतं, की तुझा आवाज मी तोडला, तिने काही ऐकलं नाही, पुन्हा जा. तो गेला असता. बस बदलून बदलून, खोकत, तुझ्या दारापर्यंत गेला असता. आणि तुला म्हणाला असता की सव्वापाचला कळलं होतं. मग तू म्हणाली असतीस, काका तर म्हणाले होते संपल्यावर.

मी त्याला विचारलं, पट्टी कुणी बांधली.

एवढंच होतं. दुसरं कारण मी शोधून पाहिलं, मिळालं नाही. त्याला जपत होतो असं काही दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी मला जपत होतो.

त्याने स्वतःहून रेकॉर्डिंग कधी मागितलं नाही. ड्रमर येऊन म्हणायचा, ऐकू या की. दादा म्हणायचा, वाजवणाऱ्याने ऐकायचं नसतं. नोव्हेंबरात काम सुटलं. डिसेंबरात तो खिडकीपाशी बसायला लागला, कारण आडवं पडलं की श्वास लागायचा. मी भोंग्यांच्या कामावरून दुपारी येऊन त्याला जेवायला घालायचो. तुझा विषय निघायचा नाही. पोस्टमन आला की तो मान वळवायचा, आणि पोस्टमन पुढे गेला की बाहेरचंच काहीतरी पाहत होतो असं दाखवायचा.

जाण्याच्या आठ दिवस आधीची दुपार. बोलायला त्याला मधे मधे थांबावं लागायचं. म्हणाला, "सुई बारीक झाली आहे रे."

मी म्हणालो, "अंधारात तसं वाटतं."

"दिव्याखाली होती." मग म्हणाला, "गेली ते बरोबर केलं तिने. मी असतो तर मीही गेलो असतो."

मी त्याचं ताट उचलत होतो.

"आता निदान रागवायला खरं कारण आहे तिच्याकडे. आतापर्यंत बिचारी नुसत्या संशयावर रागवत होती." तो हसला, त्यामुळे खोकला आला. मी पाठ चोळली. थांबला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. काच कापून कापून त्याची बोटं कशी झाली होती, तुला माहीत नाही. कानशीसारखी खरखरायची.

म्हणाला, "तू वर होतास. तुला सगळं दिसत होतं. शेवटपर्यंत ऐकलं ना तिने? की अर्ध्यातून गेली?"

आधी मला वाटलं, तो काहीतरी ओळखून विचारतोय. मी त्याच्याकडे पाहिलं. तसं नव्हतं. तू अर्ध्यातून गेली असशील एवढीच भीती त्याला होती. पूर्ण ऐकून गेली असशील, तर त्याला चालणार होतं.

मी ताट खाली ठेवलं आणि म्हणालो, "हो दादा. सगळं ऐकलं तिने. ऐकून मग गेली."

त्याने मनगट सोडलं. म्हणाला, "बरं झालं."